आतड्याचा दोर

देवांमध्येच वावरणाऱ्या कपटी लोकीला देवांनी दिलेली शिक्षा योग्य होती की अतिरेकी, यावर नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियाच्या, पुराणकथा वाचणाऱ्या मराठी मंडळींत हल्ली चांगलीच जुंपते. ही आवड बऱ्याच जणांकडे सिनेमे आणि व्हिडिओ गेमच्या वाटेने आली, त्यामुळे बाजूही तशाच पडल्यात. एक पक्ष म्हणतो, देवांचा प्रमुख ओडिन याचा निष्पाप मुलगा बाल्डर, त्याला लोकीने कपटाने मारवलं, करावं तसं भरावं, त्यात रडण्यासारखं काय? दुसरा म्हणतो, देवच लबाड. कामापुरता लोकीला वापरला आणि अंगाशी आल्यावर त्याला बळीचा बकरा केलं. आवेश दोन्हीकडे मोठा, पण डोक्यातलं चित्र एकच: वर बसलेला न्यायाधीश, त्याच्यापुढे चित्रगुप्ताची वही, आणि अपराधाच्या वजनाइतकी शिक्षा. माझं म्हणणं असं की हे चित्र मुळात तिथलं नाहीच. नॉर्स कथांत देव शिक्षा ठरवतात तेव्हा ‘अपराध किती’ याआधी ‘हा कोणाचा कोण’ हा प्रश्न येतो. आणि लोकीच्या बाबतीत तर त्यांनी शिक्षा दिली एवढं म्हणणंही अपुरं पडतं. आपल्या घरात जे घडलं आणि ज्यावर आपल्या रीतीत उतारा नव्हता, तेच त्यांनी लोकीच्या घरात घडवून आणलं.

आधी घडलं काय ते नीट पाहू, कारण वादात तपशीलच पहिल्यांदा गळतात. स्नोरी स्टुर्लुसोन या आइसलँडच्या सरदार-लेखकाने १२२० च्या सुमारास ‘एड्डा’ लिहिली, या कथांचं मुख्य पुस्तक. त्यात लोकी डोंगरावर चार दारांचं घर बांधून लपतो आणि दिवसा सामन मासा होऊन धबधब्यात राहतो. देव आपल्याला कशाने पकडतील या विचारात तो लिननच्या धाग्याचं जाळं विणून पाहतो, ते आल्यावर आगीत टाकतो, आणि राखेत उमटलेल्या नक्षीवरून शहाणा क्वासिर ते जाळं ओळखतो. मग देव तसंच विणतात आणि त्यांच्यातला थोर नावाचा देव त्याला शेपटीशी पकडतो. तिथे स्नोरी एक शब्द वापरतो: लोकी ‘ग्रिड’शिवाय पकडला गेला. ग्रिड म्हणजे अभय, शस्त्रसंधी. पुढे गुहेत तीन सपाट शिळा आणतात, त्या कडेवर उभ्या करतात आणि प्रत्येकीला भोक पाडतात. लोकीचे दोन मुलगे आणतात. वालीला लांडगा करतात, तो भाऊ नार्फीला फाडतो. नार्फीच्या आतड्यांनी बापाला त्या तीन शिळांवर आडवा बांधतात: एक शिळा खांद्यांखाली, एक कमरेखाली, एक गुडघ्यांखाली. आतड्यांचं लोखंड होतं. वर स्काडी ही देवी विषारी साप टांगते, आणि लोकीची बायको सिगिन त्याचं विष वाडग्यात झेलत बसते.

(वाली म्हटल्यावर किष्किंधेचा वाली आठवणारच. तिथेही भावाभावांचंच प्रकरण आहे, पण नावाचं साम्य निव्वळ योगायोग.)

आता या दोराकडे बघा. बांधलेला बंडखोर जगात अनेक ठिकाणी आहे. ग्रीकांचा प्रोमिथियस कड्याला जखडलेला आहे, इराणचा झहाक दमावंद पर्वतात, जॉर्जियाचा अमिरानी काकेशसमध्ये, आणि बायबलच्या शेवटच्या पुस्तकात सैतान हजार वर्षांसाठी. या सगळ्यांना साखळ्या-बेड्या पुरल्या. नॉर्स देवांना बेड्या घडवता येत नव्हत्या असंही नाही. फेनरिर लांडग्यासाठी त्यांनी लेडिंग आणि ड्रोमी या दोन बेड्या घडवल्या होत्या. त्या तुटल्यावर बुटक्यांकडून ग्लेइप्निर करवून घेतली, ती मांजराच्या पावलांचा आवाज, बाईची दाढी, डोंगराची मुळं, अस्वलाचे स्नायू, माशाचा श्वास आणि पक्ष्याची थुंकी या सहा वस्तूंची. मग लोकीसाठी पोटच्या पोराचं आतडं कशाला? मराठीत आपण ‘आतडं तुटतं’ म्हणतो ते अलंकार म्हणून. इथे अलंकार नाही. आतडं शेवटी लोखंडच होणार होतं, तर पहिल्यापासून लोखंड का नको?

याचं उत्तर आइसलँडच्या कायद्याने घातलेल्या हिशोबात आहे. ‘ग्रागास’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायदेसंग्रहात ‘बाउगाताल’ नावाचा भाग आहे, म्हणजे कड्यांची यादी. माणूस मारला गेला की मारणाऱ्याच्या नातलगांनी मेलेल्याच्या नातलगांना चांदीची कडी द्यायची. पहिलं कडं ३ मार्कांचं, बाप-मुलगा-भावाने बाप-मुलगा-भावाला द्यायचं. दुसरं २० एरीरचं, आजोबा आणि नातवांचं. तिसरं २ मार्कांचं, काका-मामा आणि पुतणे-भाच्यांचं. चौथं १२ एरीरचं, चुलत-मावस भावंडांचं. ८ एरीरचा १ मार्क, आणि मार्क म्हणजे सुमारे २१५ ग्रॅम चांदी. मुख्य कड्यांच्या पलीकडे छोट्या रकमा दूरच्या चुलत भावंडांपर्यंत जातात. ही यादी प्रत्यक्षात कितपत वापरात होती यावर अभ्यासकांत वाद आहे, पण लोक विचार कसा करत ते तिच्यात स्वच्छ दिसतं. खून हा दोन कुटुंबांमधला हिशोब होता. एका बाजूने द्यायचं, दुसऱ्या बाजूने घ्यायचं, नाहीतर त्याच रेषेवरून सूड.

आणि मारणारा व मेलेला एकाच घरातले असले तर? देणाराही बाप, घेणाराही बाप. सूड घ्यायचा तर उरलेल्या मुलावर. इथे यादी गप्प होते. हे मी आजच्या तर्काने म्हणत नाही. जुन्या इंग्रजी ‘बेओवुल्फ’ काव्यात गेआट लोकांचा राजा ह्रेथेल याची गोष्ट येते. त्याचा मुलगा हॅथकिन याचा बाण नेम चुकून थोरल्या हेरबाल्डला लागतो. कवी याला ‘भरपाई नसलेली झुंज’ म्हणतो. राजाला सूड घेता येत नाही, मुलाकडे प्रेमाने बघताही येत नाही, आणि तो त्या दुःखानेच झुरून मरतो. दोन भावांच्या नावांत बाल्डर आणि त्याला मारणारा होड यांचे प्रतिध्वनी आहेत हे अभ्यासकांनी कधीच टिपलंय. ह्रेथेल माणूस होता, म्हणून खचला. ओडिन देव होता, म्हणून त्याने मार्ग काढला. पण तो मार्ग कसला, ते बघण्यासारखं आहे.

बाल्डरवर मिसलटोच्या बांडगुळाची काडी फेकणारा होड हाही ओडिनचाच मुलगा. आंधळा, लोकीने हात धरून नेम लावून दिलेला. स्नोरी सांगतो की तिथल्या तिथे कोणालाच सूड घेता आला नाही, कारण ती जागा ग्रिडची होती, अभयाची. मग ओडिनने रिंड नावाच्या स्त्रीपासून वाली नावाचा मुलगा जन्माला घातला (लोकीच्या मुलाचं नावही हेच, पण हा वेगळा), केवळ या कामासाठी. ‘व्होलुस्पा’ काव्य म्हणतं, बाल्डरच्या मारेकऱ्याला चितेवर चढवेपर्यंत त्याने हात धुतले नाहीत, केस विंचरले नाहीत, आणि एका रात्रीचा असताना मारलं. कोणाला मारलं? सावत्र भावाला. भावाने भावाला मारण्यावर तोडगा म्हणून आणखी एका भावाने भावाला मारायचं! बापाच्या हिशोबात आता तीन मुलं: एक मेलेला, एक मारणारा आणि मरणारा, एक मारण्यासाठीच जन्मलेला. आणि यानंतर लोकीच्या घरात काय होतं? भाऊ भावाला फाडतो. मारणाऱ्याचं नावही वालीच. देवांनी लोकीच्या वागण्याची किंमत केली नाही, त्यांनी आपलं घर त्याच्या घरावर छापून काढलं. बाल्डरच्या जागी नार्फी, होडच्या जागी वाली, आणि कोणालाही सूड न घेता येणारा बाप त्या दोरात.

यावर ताकदीचे आक्षेप आहेत आणि ते टाळून चालणार नाही. पहिला अगदी साधा: लोकी दोषी होताच. स्नोरी त्याला ‘राउडबानी’ म्हणतो, म्हणजे हाताने नव्हे, सल्ल्याने मारणारा. कायद्यात असा कट रचणारा वेगळा ओळखला जाई आणि त्यालाही जबाबदार धरत. ‘लोकासेना’ या काव्यात तो बाल्डरची आई फ्रिग हिला तोंडावर सांगतो की तुझा बाल्डर घरी येताना दिसत नाही तो माझ्यामुळे. हे सगळं मान्य. (थोक नावाच्या म्हातारीच्या रूपात बाल्डरसाठी रडायला नकार देणारा लोकीच होता, हे मात्र स्नोरीही ‘लोकांचा असा तर्क आहे’ असंच लिहितो. वादात ते पुराव्यासारखं वापरू नये.) पण दोष मान्य केल्यावर दोराचा उलगडा होतो का? होत नाही. उलट मूळ साधनं शेजारी ठेवली की अपराधाचा धागा सुटतोच. स्नोरीकडे ही शिक्षा बाल्डरसाठी आहे. ‘लोकासेना’च्या शेवटच्या गद्यात ती एगिरच्या मेजवानीत देवदेवतांना शिव्या घातल्यानंतर येते, बाल्डरचं नावही तिथे काढलेलं नाही. गुन्हा बदलतो, दोर बदलत नाही. दोन्हीकडे मुलाचं आतडंच आहे. ज्या गोष्टीत अपराधाची जागा अदलाबदल करता येते आणि आतड्याची येत नाही, तिचा गाभा कुठे असणार?

शिवाय नुसत्या दोषासाठी त्या लोकांकडे तयार शिक्षा होती. ‘स्कोगगांग’, म्हणजे रानात जाणं. मालमत्ता जप्त, त्याला कोणी जेवू घालायचं नाही, आसरा द्यायचा नाही, जहाजावर घ्यायचं नाही, आणि कोणीही मारला तरी चालेल. आपल्याकडच्या वाळीत टाकण्याची पुढची पायरीच म्हणा. अशा माणसाला आणि लांडग्याला शब्द एकच, ‘वार्ग’. शांततेच्या करारात शपथच अशी असे की जो हा करार मोडेल तो लांडगा, जिथवर माणसं लांडगे हाकतात, सूर्य तळपतो, बर्फ पडतं आणि ससाणा वसंतातला अख्खा दिवस दोन्ही पंखांखाली वारा घेऊन उडतो तिथवर. लांडगा व्हायला हवा होता तो लोकी. त्याला तर माशाच्या रूपातून पुन्हा त्याच्याच रूपात आणलं. लांडगा केलं कोणाला, तर काहीही न मोडलेल्या वालीला. कायद्याची सावली बहिष्कृताच्या मुलावर पडत असे, हे खरं. रानात गेलेल्या बापाला बायकोपासून त्यानंतर झालेल्या मुलाला ‘वार्गड्रोपी’ म्हणत, लांडग्याचा थेंब, आणि त्याला वारसा मिळत नसे. पण त्याचं शेत जाई, जीव नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. सागांमध्ये, म्हणजे आइसलँडच्या जुन्या गद्यकथांमध्ये, सूड नेहमी मारणाऱ्यावरच पडत नाही. त्याच्या घरातला सर्वांत चांगला माणूस टिपायचा, ही रीतच होती. मग नार्फी मेला त्यात वेगळं काय? बापाचं देणं मुलाने फेडलं. हा युक्तिवाद मला बराच काळ खोडता येण्यासारखा वाटत नव्हता. पण सागांमधला सूड उघड असतो. माणूस मारला की वाटेत मृताचे नातलग नसलेलं घर गाठून तिथे सांगावं लागे की हे मी केलंय. न सांगितलं तर तो खून राहत नाही, ‘मोर्ड’ होतो, निंद्य गुप्तहत्या. सूड घेणारा नाव सांगून पुढचा सूड ओढवून घ्यायचा. त्यामुळे हिशोबाची रेषा टिकायची. देवांनी नार्फीला स्वतः मारलंच नाही. त्यांनी त्याच्या भावाचे दात वापरले. आता नार्फीचं देणं कोणी कोणाला लागतं? वाली लोकीचा, नार्फी लोकीचा. देव अंग काढून मोकळे, आणि मागे राहिली ती ह्रेथेलचीच भरपाई नसलेली झुंज. दावा कोणाला लावताच येऊ नये अशी ही रचना आहे. लोकीने आंधळ्या होडच्या हातात काडी दिली होती, इथे देवांनी तेच केलं. या घटनेत ‘राउडबानी’ कोण ठरतं?

तिसरा आक्षेप साधनांबद्दल. स्नोरी ख्रिस्ती होता. आइसलँडने ख्रिस्ती धर्म स्वीकारून दोन शतकं उलटून गेली होती. बांधलेला लोकी म्हणजे बांधलेल्या सैतानाची नक्कल नसेल कशावरून? शिवाय लोकीचा मुलगा वाली हा गैरसमजातून आलेला असावा, हेही पटण्यासारखं आहे. ‘व्होलुस्पा’च्या एका हस्तलिखितात ‘वालीची युद्धबंधनं आतड्यांची’ अशी ओळ आहे, आणि तिथला वाली बहुधा ओडिनचाच मुलगा. स्नोरीने ती ओळ चुकीची लावली असेल. तिसरी गोष्ट, डेन्मार्कच्या साक्सो या इतिहासकाराने १२०० च्या आसपास लॅटिनमध्ये हीच कथा सांगितली तेव्हा बाल्डरचा मारेकरी ओडिनचा मुलगा नाही, नान्ना या स्त्रीवरून भांडणारा माणूस आहे, आणि त्या कथेत लोकीचा पत्ताच नाही.

सैतानाचं आधी. इ.स. ९०० च्या सुमाराचं थ्योडोल्फ या कवीचं काव्य लोकीला सिगिनच्या कुशीतलं ओझं म्हणतं आणि बंधनात असलेला म्हणतं. इंग्लंडमधल्या गॉसफर्थ गावच्या १० व्या शतकातल्या दगडी क्रॉसवर बांधलेला माणूस, वर साप आणि शेजारी वाडगं धरलेली बाई कोरलेली आहे. म्हणजे स्नोरीच्या आधी दोन-तीनशे वर्षं बंधन आणि बायको दोन्ही होती. आतड्याबद्दल ‘लोकासेना’त स्काडी पद्यात बजावते की देव तुला तुझ्या बर्फासारख्या गार मुलाच्या आतड्यांनी बांधतील. वाली गैरसमजातला म्हणून खोडला तरी मुलाचं आतडं उरतं. आणि समजा स्नोरीने ओळ चुकीचीच लावली, तरी चुकून त्याने कुठली गोष्ट रचली? भावाने भावाला फाडण्याची. त्याला हेच का सुचलं? साक्सोचा मुद्दा तर मला माझ्याच बाजूचा वाटतो. जिथे मारेकरी परका, तिथे लोकी लागत नाही. सरळ सूड घेता येतो. जिथे मारेकरी भाऊ, तिथे कोणीतरी लागतो, ज्याच्या माथी हे मारता येईल. (साक्सोच्या कथेत रिंडला फसवून भोगल्याबद्दल उरलेले देव ओडिनलाच दहाएक वर्षं हाकलून देतात. वादात हे कोणाला आठवत कसं नाही?)

मग लोकीला मारून का टाकलं नाही? रॅग्नारॉकसाठी, म्हणजे जगाच्या अंताच्या युद्धासाठी, तो जिवंत लागतो हे कथेचं कारण झालं, देवांचं नाही. ‘लोकासेना’च्या नवव्या कडव्यात लोकी ओडिनला आठवण देतो की पूर्वी आपण रक्तात रक्त मिसळलं होतं, दोघांना आणल्याशिवाय तू पेय घेणार नव्हतास. ओडिन नाकारत नाही. तो मुलाला उठवून लोकीला बसायला जागा देतो. हा विधी कसा असे ते ‘गिस्ली सागा’त आहे. गवताची लांब पट्टी जमिनीपासून सोडवायची, पण दोन्ही टोकं जमिनीतच ठेवायची. मध्ये भाला उभा करून ती कमानीसारखी उचलायची. भाला इतका उंच की हात वर करून त्याच्या पात्याच्या खिळ्यांपर्यंत पोचावं. खालून चौघांनी जायचं, रक्त काढून मातीत कालवायचं, गुडघे टेकून शपथ घ्यायची की प्रत्येक जण दुसऱ्याचा सूड भावासारखा घेईल. म्हणजे एकाच मातीच्या पोटातून पुन्हा जन्म. (सागात ऐनवेळी चौघांपैकी थोरग्रिम हात मागे घेतो, आणि पुढे जे रक्त वाहतं ते तिथूनच.) रक्तभावाला मारणं म्हणजे पुन्हा तोच पेच, जो होडच्या वेळी होता. म्हणून मारायचं नाही, बांधायचं. आणि बांधायचं तेही ज्या रक्तात ओडिनचं रक्त मिसळलेलं नाही अशा मुलाच्या आतड्याने.

नात्याने मोजण्याची ही सवय लोकीपुरती नाही. अंगरबोडा या योटुन स्त्रीपासून झालेली त्याची तीन मुलं कोणाच्या केसालाही धक्का लावण्याआधी शिक्षा भोगतात: सर्प समुद्रात, हेल पाताळात, फेनरिर बांधलेला. स्नोरीने कारण सरळ लिहिलंय: आईच्या स्वभावामुळे वाईटाची अपेक्षा, आणि बापामुळे त्याहून वाईटाची. फेनरिरला मारत का नाहीत? तर पवित्र जागा लांडग्याच्या रक्ताने विटाळू नये म्हणून. त्यूर या देवाचा उजवा हात मात्र तारण म्हणून गेला. आपल्याकडच्या भाषांतरांत ‘योटुन’ला राक्षस म्हणतात, त्यामुळे हे सगळं देव-राक्षसांचं नेहमीचं युद्ध वाटतं. पण ओडिनची आई, बेस्टला नावाची, योटुनांच्याच कुळातली, आणि जगाच्या सुरुवातीला ओडिन व त्याच्या भावांनी मारलेला यमिर हा त्याच कुळाचा मूळपुरुष. म्हणजे पहिला खूनच आजोळचा. ‘बाउगाताल’मध्ये आईचा बाप, मामा, बहिणीचा मुलगा यांनाही कडी आहेत. देवांनी त्या यादीतली आईची बाजू पुसून टाकली, आणि मग उरलेले सगळे परके झाले.

त्यांना कायदा माहीत नव्हता, असं मात्र कोणी म्हणू नये. अडचणीत आले की ते चोख भरतात. पाणमांजराच्या रूपातल्या ओत्रला लोकीने दगड मारून संपवलं, तेव्हा ओडिन, होनिर आणि लोकी यांनी त्याचा बाप ह्राइडमारकडे भरपाई केली: कातडं सोन्याने आतून भरायचं आणि बाहेरून झाकायचं. मिशीचा एक केस दिसत होता, तोही झाकायला ओडिनला बोटातली अंगठी द्यावी लागली. त्या सोन्यापायी ह्राइडमारचा दुसरा मुलगा फाफनिर याने बापाला मारलं, आणि मरता मरता बापाने मुलीला हाक मारली तेव्हा ती म्हणाली की बापाचा सूड भावावर घेणाऱ्या बहिणी थोड्याच. त्या घरातही हिशोब तिथेच अडकला. स्काडी देवांनी केलेल्या बापाच्या खुनाबद्दल शस्त्रं घेऊन आली, तर तिला पाय बघून नवरा निवडू दिला, हसवून दाखवलं आणि बापाचे डोळे आकाशात तारे करून टांगले. शेवटी लोकीच्या तोंडावर साप टांगणारी तीच. भरपाई घेऊनही तिचं मिटलं नव्हतं.

गुहेत राहिली ती सिगिन. वाडगं भरलं की ती रिकामं करायला वळते, तेवढ्यात विष चेहऱ्यावर पडतं आणि लोकीच्या झटक्यांनी भूकंप होतात. ती कोणाच्या बाजूने आहे हे कुठलंही साधन सांगत नाही. ती फक्त आहे. देवांनी तिला बांधलं नाही आणि हाकललंही नाही. मेलेला मुलगा तिचाही होता आणि दोरही तिच्याच मुलाचा, पण तिच्या नावाचं कडं कुठल्या यादीत असणार?

रॅग्नारॉकनंतर, स्नोरीच्या म्हणण्याप्रमाणे, बाल्डर आणि होड हेलकडून परत येतात. होडला मारणारा वाली आधीच वाचलेला असतो. मारलेला, मारणारा आणि मारणाऱ्याला मारणारा असे तिघे इडावोल्लच्या मैदानावर इतरांबरोबर बसतात, जुन्या गोष्टी काढतात, आणि गवतात त्यांना देवांच्या पटावरच्या सोन्याच्या सोंगट्या सापडतात. परत आलेल्यांच्या त्या यादीत नार्फीचं नाव नाही.